दिव्याच्या ज्योतीवर घडणारा मणी

मंगळसूत्रातील काळी पोत मराठी घरात नित्य डोळ्यांसमोर असते. परंतु काचेचा मणी जन्मतो कसा, हा विचार क्वचितच मनात येतो. त्याच्या घडणीच्या दोन प्रमुख रीती आहेत. तापलेल्या काचेची पोकळ नळी लांबच लांब ओढून तिचे बारीक तुकडे पाडावयाचे, ही पहिली. तीतून बारीक मणी हजारोंनी निघतात. दुसऱ्या रीतीत एकेक मणी ज्योतीवर, तारेभोवती काच गुंडाळून घडवावा लागतो. या दुसऱ्या कलेने ज्या नगरीत कीर्ती मिळविली, ती इटलीतील व्हेनिस होय.

व्हेनिसच्या शासनाने १२९१ साली, आगीच्या भयाने, शहरातील काचभट्ट्या जवळच्या मुरानो बेटावर हलविल्या. भट्टी अहोरात्र पेटती ठेवावी लागते. तिला सरपण हवे, जागा हवी, भांडवल हवे आणि एकमेकांच्या हाताखाली राबणारी माणसे हवीत. हे बळ ज्याच्यापाशी नाही, त्याला ही कला दुरूनच पाहावी लागे. दिव्याने ही वाट मोकळी केली. भट्टीवर तयार झालेल्या रंगीत काचेच्या कांड्या विकत आणाव्यात, मेजावर तेलाचा दिवा ठेवावा आणि भात्याने ज्योतीला वारा द्यावा, की एकट्या माणसाचा कारखाना उभा राहिला!

सतराव्या शतकात या कारागिरांचा स्वतंत्र संघ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जुने संघ मोडले. तेलाची जागा पुढे गॅसने घेतली आणि हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती आले. घरच्या घरी मणी घडविणाऱ्या या स्त्रियांचे कौशल्य थोर, पण मिळकत तुटपुंजी. व्हेनिसचे मणी मात्र सातासमुद्रांपलीकडे गेले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोने आणि हस्तिदंतच नव्हे, तर माणसेही मण्यांच्या मोबदल्यात विकत घेतली गेली. मणी निर्मळ असला, तरी त्याचा व्यापार तसा नव्हता, हे विसरून चालणार नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या कलेकडे नवे लोक वळले. अमेरिकेत १९९३ साली अशा मणिकारांची संस्थाही स्थापन झाली. यांतील कित्येक कलावंत पूर्वी रंगीत काचेच्या खिडक्या करीत. अशा कलावंताला दिव्यापुढे बसताच बरेच काही नव्याने शिकावे लागते. खिडकीतील काच थंड असते. ती कापावी आणि शिशाच्या पट्टीत बसवावी. मध्ये शिसे असल्यामुळे कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याशेजारी नांदतो. मण्यात दोन काचा एकजीव होतात. थंड होताना त्या सारख्याच प्रमाणात आकसल्या नाहीत, तर मणी तडकतो. म्हणून रंग जुळण्याआधी काचांचे स्वभाव जुळावे लागतात.

पुढची कसोटी हाताची. पोलादी तारेला चिकणमातीसारखा लेप देऊन तो वाळवितात, म्हणजे मणी पुढे तारेवरून सुटतो. एका हाताने तार सतत फिरवावयाची, दुसऱ्या हाताने कांडीचे टोक ज्योतीत धरावयाचे. ते मधासारखे मऊ झाले, की तारेवर गुंडाळावयाचे. फिरविणे क्षणभर थांबले, तरी काच एका बाजूस ओघळते. शिवाय तप्त काचेचा रंग खरा दिसत नाही. लाल काच काळपट भासते. तेथे डोळ्यांपेक्षा अनुभवावरच विसंबावे लागते.

शेवटची परीक्षा धीराची. घडलेला मणी उघड्या हवेत ठेवला, तर वरचा भाग आधी निवतो, गाभा तप्तच राहतो आणि या ओढाताणीत मणी फुटतो; कधी तत्काळ, तर कधी काही दिवसांनी. म्हणून तो सुमारे ५०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या लहान भट्टीत ठेवून कित्येक तास सावकाश निववितात. पूर्वी हेच काम तप्त राखेवर सोपवीत.

२०२० साली काचेच्या मण्यांच्या या कलेला, इटली आणि फ्रान्स या देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून, युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. कधीकाळी कवडीमोलाने राबलेल्या हातांचा हा उशिरा झालेला गौरव होय. परंतु यादी कला जगवीत नाही. ज्योतीपुढे बसून तार फिरवीत राहणारा नवा हातच ती जगवितो.