शाळा कोणाची, खर्च कोणाचा?

▪ शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळा : जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्या. पहिली ते आठवी शिक्षण मोफत.

▪ खासगी अनुदानित : संस्था खासगी, शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार यांच्यावर. रयत शिक्षण संस्था (स्थापना १९१९) हे ठळक उदाहरण.

▪ अंशतः अनुदानित : वेतन अनुदान २०, ४० अशा टक्क्यांच्या टप्प्यांनी वाढते. म्हणून बोलीत ‘टप्पा अनुदान’.

▪ स्वयंअर्थसहाय्यित : २०१२ च्या राज्य कायद्याखालील. अनुदान नाही, खर्च मुख्यतः फीमधून.

▪ आरटीईच्या २५ टक्के जागा : शिक्षण हक्क कायदा (आरटीई) १ एप्रिल २०१० पासून लागू. विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशवर्गात वंचित व दुर्बल घटकांसाठी जागा राखीव, निवड सोडतीने. शाळेला सरकारकडून प्रतिपूर्ती : शाळेची फी किंवा सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च, यांत कमी असेल तेवढी. अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सूट.

▪ फेब्रुवारी २०२४ : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला २५ टक्क्यांतून वगळणारी राज्याची अधिसूचना. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाकडून रद्द.