परसातला गवती चहा

चहाचे आधण ठेवायचे आणि पोराला परसात पिटाळून गवती चहाची दोन पाती आणवायची, ही आपल्या कराड भागातली घरोघरची रीत. पण त्यासाठी परस हवे! पुढे-मागे फरशी झाली, न्हाणीचे पाणी बंद गटारात गेले आणि त्या पाण्यावर पोसलेला ठोंब वाळून गेला. मग तीच पात बाजारातून जुडीने विकत आणायची. चार हात जागा उरली असेल तर यंदा ठोंब लावाच.

याला बी शोधू नका. शेजारणीच्या जुन्या ठोंबातले दोन-तीन फुटवे मुळांसकट मागून आणा, शेंडे छाटा आणि पहिल्या पावसात लावा. कृष्णा-कोयनाकाठच्या काळ्या जमिनीत एक जपायचे. पाणी साचले की मुळे कुजतात. श्रावणाच्या झडीत ठोंब पिवळा पडू लागला, तर आधी बुडाशी पाणी तुंबले आहे का ते पाहा. म्हणून खड्ड्यात न लावता वीतभर उंच वरंब्यावर लावा, मातीत कुजलेले शेणखत मिसळा, दोन ठोंबांत दोन फूट अंतर ठेवा. ऊन भरपूर हवे. फरशीच झाली असेल तर बुडाला भोके पाडलेला जुना तेलाचा डबाही चालतो.

अंघोळीचे पाणी चालेल. धुण्याच्या पावडरीचे किंवा फरशी पुसल्याचे नको. उसाच्या बांधावर लावण्याचा मोह होतो, पण तिथे तणनाशकाचा फवारा उडतो आणि आपण तर ही पात उकळून पितो! फवारणीचा पंपही याच्याजवळ धुऊ नये.

तीन-चार महिन्यांनी पात कापणीला येते. अर्धी वीत बूड राखून विळ्याने कापा. पोरांना हाताने ओढू देऊ नका, कडेने बोट चिरते. तीन-चार वर्षांत ठोंब गच्च होतो. मग खणून फोडावा आणि नवे फुटवे लावावेत.

पातीला लिंबासारखा वास असतो तो सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि तो वाफेबरोबर उडतो. तेव्हा पात कातरून, आले चेचून टाकले की भांड्यावर झाकण घाला. (खानदेशातले रोशा गवत याच्याच भावकीतले, पण त्याला वास गुलाबाचा.) सर्दीत हा चहा घशाला बरा वाटतो. ताप मात्र याच्या भरवशावर अंगावर काढू नका, आणि गरोदर बाईला दाट काढा देऊ नका.

जास्तीची पात सावलीत वाळवून डब्यात भरा. उन्हात वाळवली तर रंगही जातो आणि वासही.