नरडाण्याच्या शिवारातले थंडीचे पाहुणे

नरडाण्याला बर्फ पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत शिंदखेडा तालुक्यात पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो आणि जिथे खरोखर बर्फ साचतो तिथले पक्षी आपल्या शिवारात मुक्कामाला येतात. फजरच्या नमाजनंतर पुन्हा रजईत शिरण्याऐवजी मुलांना घेऊन बांधाबांधाने तासभर फिरून या. दुर्बीण नसली तरी चालते.

पाण्याच्या कडेला शेपटी हलवत धावणारा धोबी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून आलेला असतो. हरभऱ्याच्या शेतात काडीच्या टोकावर बसणारा छोटा गप्पीदास थेट सायबेरियापर्यंतच्या प्रदेशातला. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या मध्य आशियाकडून थव्यांनी येतात. दादरच्या कणसांवर उतरतात म्हणून शेतकरी त्यांना हाकलतो. पण टोळ आणि नाकतोडेही त्या भरपूर खातात.

पाहुणे पाहताना घरच्याला विसरू नका. जुन्या झाडाच्या ढोलीतून गोल डोळ्यांनी बघणारा पिंगळा बारा महिने इथेच असतो. किडे आणि उंदीर हे त्याचे खाणे, म्हणजे तो शेतकऱ्याचा मदतनीसच. तरी तो ओरडला की घरात कुणीतरी ‘आता काहीतरी वाईट होणार’ म्हणते आणि मुले दगड उचलतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पक्ष्यांवरून शकुन-अपशकुन मानणे नाकारले आहे. सहीह बुखारीतल्या त्या हदीसमध्ये ‘हामा’चा उल्लेख आहे आणि अनेक भाष्यकारांनी त्याचा एक अर्थ घुबड असाच सांगितला आहे. मग पिंगळ्याला दगड कशासाठी?

याच पिंगळ्याचा एक दुर्मीळ भाऊबंद आहे, रानपिंगळा. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. 1914चा म्हणून दाखवला गेलेला एक नमुना चोरीचा आणि खोट्या चिठ्ठीचा निघाला. डॉ. सलीम अली यांनाही हा पक्षी शोधून सापडला नाही. शेवटी पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळले आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, भर दिवसा, रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा आपल्याच धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा 1998मध्ये वेगळा झाला. म्हणजे 113 वर्षे जग ज्याला हरवलेला समजत होते, तो आपल्या शेजारीच राहत होता. आज त्याला धोका आहे तो जंगलतोडीचा आणि जादूटोण्यासाठी घुबडे मारणाऱ्यांचा.

सलीम अलींची सुरुवातही एका लहान प्रश्नातून झाली. लहानपणी हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले आणि मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. आपल्या मुलांनी असे विचारले तर गप्प करू नका.

फिरताना मळकट रंगाचे कपडे घाला, मोबाइलचा आवाज बंद ठेवा, घरट्याच्या किंवा ढोलीच्या फार जवळ जाऊ नका. घरी आल्यावर वहीत तारीख, जागा आणि पक्षी लिहा. बांधावरचे जुने झाड तोडायची वेळ आली, तर आधी ढोलीत कुणी राहते का, ते पाहा.