‘मानो’ : स्पॅनिशमधील हाताचा पसारा

स्पॅनिशमधील ‘ओ’ने संपणारी नामे बहुधा पुल्लिंगी असतात, हा नियम नवशिक्याच्या अंगवळणी पडतो न पडतो तोच ‘हात’ या अर्थाचा ‘मानो’ हा शब्द त्याला छेद देतो, कारण त्याच्याआधी ‘एल’ हे पुल्लिंगी उपपद न लागता ‘ला’ हे स्त्रीलिंगी उपपद लागते. हा अपवाद लॅटिनमधून वारशाने आलेला आहे. तेथील ‘मानुस’ हा शब्द चौथ्या विभक्तिगणातला, म्हणजे विशिष्ट प्रत्यय घेणाऱ्या नामांच्या एका लहान वर्गातला, आणि लिंगाने स्त्रीलिंगी होता. पुढे उच्चार झिजून त्याचा शेवट बदलला, लिंग मात्र टिकून राहिले. ‘ला फोतो’, ‘ला मोतो’ यांची गोष्ट निराळी, कारण ती ‘फोतोग्राफिया’ आणि ‘मोतोसिक्लेता’ या स्त्रीलिंगी शब्दांची संक्षिप्त रूपे आहेत. मेक्सिकोत मित्राला मारलेली ‘मानो’ ही हाक तर ‘एर्मानो’ म्हणजे ‘भाऊ’ या शब्दाचे तुटलेले रूप असून तिचा हाताशी काहीही संबंध नाही.

मराठी विद्यार्थ्याची खरी फसगत लिंगापेक्षा अर्थाच्या मर्यादेत होते. मराठीतला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत पसरलेला असतो, तर ‘मानो’ मनगटाशी सुरू होतो आणि त्यावरच्या भागाला ‘ब्रासो’ म्हणतात. त्यामुळे कोपराजवळ हाड मोडलेल्या माणसाची ‘मानो’ मोडली असे सांगितल्यास ऐकणारा पंजाकडे पाहू लागेल. उलट जनावरांच्या बाबतीत हाच शब्द सैल होतो. घोड्याचे पुढचे पाय ‘मानो’च असतात आणि स्पेनमध्ये ‘मानितास दे सेर्दो’ या नावाने डुकराचे पाय शिजवून वाढले जातात.

वस्तूंच्या जगात मात्र मराठी माणसाला ओळखीच्या खुणा भेटत राहतात. भिंतीला रंगाचा दुसरा ‘हात’ देणारा आपल्याकडील रंगारी आणि ‘मानो दे पिंतुरा’ देणारा स्पॅनिश रंगारी यांची बोली इथे एकच आहे. पाचशे तावांच्या रिमाचा विसावा भाग, म्हणजे पंचवीस ताव, यांना स्पॅनिशमध्ये ‘मानो दे पापेल’ म्हणतात, तर मराठीत चोवीस तावांचा ‘दस्ता’ होतो, आणि दस्ता हा शब्द ज्या फारसी ‘दस्त’पासून आला त्याचाही अर्थ हातच आहे. खलातला बत्ता हीदेखील ‘मानो’च. मेक्सिकोतील ‘मेताते’ या उतरत्या, बहुधा तीन पायांच्या दगडी पाट्यावर चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका वाटतात, तेव्हा वाटणारी बाई पाट्यामागे गुडघे टेकून दंडगोल दगडाची दोन्ही टोके धरते आणि अंगाचा भार देऊन तो पुढे रेटते. पाटा-वरवंट्याची सवय असलेल्या घरात हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही, फक्त तिथे वरवंट्याचे नाव ‘मानो’ आहे.

शब्दकोशातील अर्थांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा वाक्प्रचार प्रसंगासह शिकणे अधिक फलदायी ठरते, कारण साम्याचा आधार कुठे सुटतो हे प्रसंगातच कळते. ‘एचार उना मानो’ म्हणजे हातभार लावणे आणि ‘मानो देरेचा’ म्हणजे उजवा हात असलेला विश्वासू सहकारी, इथवर वाट सपाट आहे. पत्ता सांगताना ‘आ मानो इस्किएर्दा’ म्हटले की आपल्या ‘डाव्या हाताला’चाच अर्थ निघतो. परंतु एखाद्या मुत्सद्द्याला ‘मानो इस्किएर्दा’ आहे असे म्हटले, तर अवघड माणसे आणि बिकट प्रसंग चातुर्याने हाताळण्याची हातोटी त्याच्यापाशी आहे असा गौरव त्यात असतो. ‘डाव्या हाताचा खेळ’ आठवून त्याला काम सोपे जाते असा अर्थ लावणारा वाचक निम्माच बरोबर असतो.

राजकारणाने या शब्दाला दिलेला अर्थ याहून कठोर आहे. ‘मानो दूरा’, म्हणजे शब्दशः कठीण हात, हा शब्दप्रयोग गुन्हेगारीविरुद्धच्या दडपशाहीच्या धोरणासाठी रूढ असून, एल साल्वादोरमध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को फ्लोरेस यांनी २००३ साली टोळ्यांविरुद्ध जाहीर केलेल्या योजनेचे ते अधिकृत नावच होते. त्यांच्यानंतर आलेल्या आन्तोनियो साका यांनी २००४ मध्ये त्यालाच ‘सुपर’ हा शब्द जोडला. अशा धोरणाच्या वृत्तीसाठी स्पॅनिश वृत्तपत्रांत ‘मानोदुरिस्मो’ असे नामही वापरले जाते, आणि ते मात्र नियमाप्रमाणे पुल्लिंगी आहे.