रुपया घसरला की व्यापारतूट भरून निघते का?

गैरसमज : रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, आयात आटते आणि तूट आपोआप कमी होते.

वस्तुस्थिती : घसरणीने भारतीय माल परदेशी ग्राहकाला स्वस्त पडू शकतो आणि परदेशी माल इथे महागतो, एवढे खरे. पण भाव बदलला म्हणून खरेदी किती बदलते, यावर सगळे अवलंबून असते. मार्शल-लर्नर अटीनुसार, निर्यात आणि आयात यांच्या मागणीच्या लवचिकतेची बेरीज एकाहून अधिक असेल, तरच व्यापारतोल सुधारतो.

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. तेल ८० डॉलर पिंप असताना डॉलर ८० रुपयांवरून ८५ वर गेला, तर ६,४०० रुपयांचे पिंप ६,८०० ला पडते. म्हणून कोणी ट्रक उभे करून ठेवत नाही. निर्यातीलाही मर्यादा आहेत. सुरतेत पैलू पाडण्यासाठी येणारे कच्चे हिरे डॉलर मोजूनच घ्यावे लागतात. घसरणीचा खरा लाभ मजुरी आणि नफ्यापुरताच उरतो. शिवाय भारताचे बहुतेक सौदे डॉलरमध्येच ठरतात. रुपया घसरला तरी डॉलरमधला भाव लगेच उतरत नाही. परदेशी खरेदीदार मात्र सवलत मागायला चुकत नाही.

गैरसमज : परिणाम लगेच दिसतो.

वस्तुस्थिती : जुने करार पूर्ण होईपर्यंत आयातीचे बिल उलट फुगते. तूट आधी वाढून मग घटते, म्हणून या आलेखाला जे-वक्र म्हणतात. ब्रिटनने नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आणला. चालू खाते शिलकीत यायला १९६९ उजाडले.

गैरसमज : १९६६ चे अवमूल्यन फसले, म्हणजे हा उपायच निरुपयोगी.

वस्तुस्थिती : ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० झाला. कागदावर निर्यातदाराला डॉलरमागे ५७ टक्क्यांहून जास्त रुपये मिळणार होते. पण त्याच वेळी निर्यातीची अनुदाने काढून घेतली गेली आणि ताग, चहा यांसारख्या मालावर निर्यातकर बसला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने बरेचसे परत घेतले गेले. त्यात लागोपाठ दोन दुष्काळ पडले. शेतमालावर उभी असलेली निर्यात ऐन वेळी आखडली. १९६६-६७ मध्ये डॉलरमधली निर्यात घटली आणि बदनाम झाले ते अवमूल्यन. जुलै १९९१ मध्ये रुपया दोन टप्प्यांत पुन्हा उतरवला गेला, तेव्हा परवान्यांचा जाच आणि आयातशुल्कही कमी होऊ लागले होते. पुढे निर्यात वाढली, पण तिचे सगळे श्रेय दराला देणे १९६६ चा सगळा दोष दराला देण्याइतकेच चूक आहे.