आखाडा की रान?

ऑनलाइन खेळांत एका खेळाडूने दुसऱ्याशी लढण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत मैदान आखलेले असते, दोन्ही बाजू आपणहून उतरलेल्या असतात, वेळ ठरलेली असते आणि हरणाऱ्याचे काही जात नाही. हा मिनीगेम, म्हणजे आखाडा. दुसरीत सगळे जगच रान असते. कोणी लाकूड तोडत असो की खाण खणत असो, मागून येणारा त्याला गाठू शकतो, मारू शकतो आणि त्याच्या पिशवीतला माल घेऊन पसार होऊ शकतो. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी आलेल्या ‘आर्क रेडर्स’ने या दोहोंतला जुना वाद पुन्हा पेटवला. स्टॉकहोमच्या एम्बार्क स्टुडिओजने २०२१ मध्ये तो जाहीर केला तेव्हा माणसे मिळून यंत्रांशी लढणार होती. प्रत्यक्षात आला तेव्हा माणसे माणसांवरही गोळ्या झाडू लागली. आपसातली लढाई बंद असलेली वेगळी लॉबी द्या, असे एक गट म्हणतो. दुसऱ्या गटाचा सवाल असा की, मग वळणापलीकडे पावले वाजल्यावर छातीत धडधडेल कशाने?

वादाची सुरुवात १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’पर्यंत मागे जाते. शहरात पहारेकरी होते, वेशीबाहेर कोणी वाली नव्हता. खाणींच्या तोंडाशी टोळ्या दबा धरून बसत आणि नवख्याची दिवसभराची कमाई मिनिटात लुटत. खेळाच्या चाचणीच्या काळात तर निर्माता रिचर्ड गॅरियट याचेच पात्र, राजा लॉर्ड ब्रिटिश, भर सभेत एका खेळाडूने जाळून मारले होते. खुन्यांची नावे लाल करणे, त्यांच्या डोक्यावर इनाम लावणे, असे उपाय करून पाहिल्यावर २००० मध्ये जगाचीच वाटणी झाली. ट्रॅमेल हे सुरक्षित जग, फेलुका हे जुने धोक्याचे. बहुसंख्य लोक बिऱ्हाड आवरून ट्रॅमेलला गेले. सभासदसंख्या पुढेही वाढत राहिली आणि २००३ मध्ये अडीच लाखांच्या घरात पोहोचली. खुल्या लढाईचे गोडवे गाणाऱ्यांनी या आकड्याला उत्तर दिले पाहिजे. फेलुका मात्र ओस पडले, कारण लांडग्यांना एकमेकांची शिकार करण्यात रस नव्हता. त्यांना मेंढरे हवी होती.

तरीही मिनीगेम देऊन रान काढून घेता येते का, या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला दुसऱ्या खेळात सापडतो. इंग्लंडमधल्या गॉवर बंधूंनी २००१ मध्ये आणलेल्या ‘रूनस्केप’च्या नकाशात उत्तरेला वाइल्डरनेस नावाचा ओसाड पट्टा होता. त्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. पट्ट्यात शिरताच कोपऱ्यात एक आकडा दिसे आणि उत्तरेकडे जावे तसा तो वाढे. त्या आकड्याइतकाच फरक असलेल्या ताकदीचा खेळाडू हल्ला करू शकत असे. आकडा पाच असेल तर साठच्या पातळीच्या माणसाला पंचावन्न ते पासष्टमधलाच कोणी हात लावू शके. आत खोलवर गेल्यावर जवळपास कोणीही. आधी वार करणाऱ्याच्या डोक्यावर पांढरी कवटी झळके आणि तो मेला तर अंगावरचे सगळे जाई. ज्याने आगळीक केली नाही त्याच्याकडे सर्वांत मौल्यवान तीन वस्तू राहत. विसाच्या पलीकडे जादूने निसटण्याचे बहुतेक मार्ग बंद. आणि इतके असूनही लोक तिथे जात, कारण रुनाइटसारखे दुर्मीळ खनिज तिथे मिळे. हाव किती आणि भीती किती, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करायचा होता.

याच खेळात २००४ च्या डिसेंबरपासून ‘कॅसल वॉर्स’ हा मिनीगेमही होता. दोन किल्ले, दोन निशाणे, समोरच्याचे निशाण पळवून आणायचे. मेले तरी सामान जागच्या जागी, पुन्हा उठून धावायचे. तिथे गर्दी असे, हशा असे, शाळकरी पोरांपासून जुन्या खेळाडूंपर्यंत सगळे असत. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी नांदत होत्या, त्यामुळे एकीने दुसरीची जागा घ्यायचा प्रश्नच नव्हता.

१० डिसेंबर २००७ रोजी हा खेळ चालवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने वाइल्डरनेसमधली लढाई बंद केली. कारण हिंसा नव्हते, चोरीचे पैसे होते. खेळातले सोने खऱ्या पैशांत विकणारे धंदेवाले चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर सभासदत्व घेत, यंत्रवत खाती राबवत आणि जमलेले सोने गिऱ्हाइकाच्या हवाली करत. मूळ कार्डधारकांच्या तक्रारी आल्या की भुर्दंड कंपनीला बसे. नुसत्या देवाणघेवाणीवर मर्यादा घालून भागले नसते, कारण विक्रेत्याने रानात जाऊन गिऱ्हाइकाच्या हातून मरायचे आणि अंगावरचे सोने त्याला उचलू द्यायचे, ही वाट मोकळीच राहिली असती. म्हणून आधी रान बंद झाले आणि जानेवारी २००८ मध्ये मुक्त व्यापारही. अडचण खरी होती, हे मान्य केलेच पाहिजे.

बदल्यात जे दिले गेले ते पाहण्यासारखे आहे. ‘बाउंटी हंटर’मध्ये एका खोलगट खड्ड्यात खेळाडूंना सोडून प्रत्येकाला एक सावज नेमून दिले जाई. ‘क्लॅन वॉर्स’मध्ये टोळ्यांनी अटी ठरवून लढायचे. पट्ट्यात भटकणाऱ्या लुटारूंच्या जागी रेव्हनंट नावाची संगणकाने चालवलेली भुते सोडली गेली. २००८ च्या ऑक्टोबरात लढाईसाठी वेगळे सर्व्हर उघडले, पण तिथे मेलेल्याच्या अंगावर होते ते हाती येत नसे. किती लूट द्यायची हे यंत्रणाच ठरवी. कागदावर यात काही कमी नव्हते. लढाई होती, धोकाही होता. गेले होते ते प्रसंगाचे मूळ. खनिज काढायला गेलेला माणूस, त्याच्या मागावरचा दुसरा, वाटेत भेटलेला आणि ऐन वेळी मदतीला आलेला किंवा उलटलेला तिसरा, ही गोष्ट खड्ड्यात घडू शकत नाही, कारण खड्ड्यात प्रत्येक जण लढायलाच आलेला असतो. भुताशी बोलणी करता येत नाहीत, त्याला दया येत नाही आणि त्याच्यावर सूड उगवून समाधानही मिळत नाही.

तीन वर्षांनी कंपनीने खेळाडूंचा कौल घेतला. बारा लाख मते पडली, ९१ टक्के जुन्या व्यवस्थेच्या बाजूने, आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी वाइल्डरनेस पूर्ववत झाला. कौल रान आणि मुक्त व्यापार या दोहोंवर मिळून होता, त्यामुळे तो निव्वळ लढवय्यांचा विजय मानता येत नाही. पण जे कधी तिकडे फिरकले नसतील अशांनीही तो पट्टा परत मागितला असणार, हे आकड्यावरून उघड आहे. नकाशावर एक धोक्याची जागा असली की बाकीच्या सुरक्षित जागांनाही अर्थ येतो.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तर कोणी काही बंद न करताच रान आटले. तिथे साउथशोर आणि टॅरेन मिल या शत्रुपक्षांच्या दोन गावांमधल्या माळावर तासन्‌तास आपोआप लढाया जुंपत. जून २००५ मध्ये आखीव रणांगणे आली, तिथे बक्षिसे मिळू लागली, तसा माळ रिकामा झाला. २०१४ मध्ये खेळाला दहा वर्षे झाली तेव्हा ब्लिझर्डने त्या जुन्या लढायांच्या आठवणीसाठी काय केले, तर ‘साउथशोर विरुद्ध टॅरेन मिल’ नावाचा आखाडाच बांधला.

भारतात बहुतेकांनी ऑनलाइन लढाई पाहिली ती पब्जी आणि २०२१ पासून बीजीएमआय यांतून. शंभर जण विमानातून उतरतात आणि शेवटी एक उरतो, हे दृश्य रानाचे वाटते. पण एका मॅचमध्ये गमावलेले पुढच्या मॅचमध्ये आठवावेही लागत नाही. व्यवहारात हा मोठा केलेला मिनीगेमच आहे. त्याचा वंशही तेच सांगतो. पब्जीचा जनक ब्रेंडन ग्रीन याने त्याची पहिली आवृत्ती ‘डेझी’ या अत्यंत निर्दय रानातून घडवली होती. तिथली भीती त्याने अर्ध्या तासात मावेल अशी बांधली, आणि जगभर ती चालली.

उलट दिशेचा अनुभवही आहे. ‘सी ऑफ थीव्ह्ज’ या चाचेगिरीच्या खेळात २०१९ मध्ये ‘अरीना’ नावाचा स्वतंत्र आखाडा आला. खेळल्या जाणाऱ्या एकूण वेळेपैकी जेमतेम दोन टक्के तिथे जातो असे दिसल्यावर मार्च २०२२ मध्ये तो बंद झाला. चाच्यांना खुला समुद्रच हवा होता. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये त्याच खेळाच्या कंपनीने ‘सेफर सीज’ आणले, जिथे दुसऱ्याचे जहाज येत नाही आणि सोने कमी मिळते. ज्यांना मुलांबरोबर संध्याकाळी तासभर जहाज हाकायचे आहे, त्यांच्यासाठी ही सोय योग्यच म्हटली पाहिजे. आइसलँडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ने २००३ पासून तिसराच मार्ग धरला आहे. तिथे प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षेचा आकडा आहे आणि वरच्या आकड्यांच्या भागातही हल्ला करता येतोच. फक्त पोलीस येऊन हल्लेखोराचे जहाज नक्की उडवतात. म्हणजे बंदी नाही, किंमत आहे, आणि ती आधीपासून सर्वांना ठाऊक आहे.

या कसोटीवर ‘आर्क रेडर्स’चे धोरण तपासायला हवे. वेगळी लॉबी देण्याऐवजी एम्बार्कने माणसे निवडायला सुरुवात केली आहे. खेळाडू दुसऱ्यांवर किती वेळा शस्त्र उचलतो हे जोड्या लावताना पाहिले जाते, असे कंपनीचे प्रमुख पॅट्रिक सोडरलुंड यांनी २०२६ च्या सुरुवातीला सांगितले. ‘गोळी झाडू नका’ म्हणत फिरणारे बहुधा आपल्यासारख्यांतच पडतात, बंदूक आधी चालवणारे आपल्यासारख्यांत. फेलुकाची फसगत यातून टळते, कारण लांडग्यांना मेंढरे सहजी मिळत नाहीत आणि मेंढरांना पळूनही जावे लागत नाही. पण वाइल्डरनेसच्या वेशीवर उभा असलेला खेळाडू आकडा वाचून पाऊल टाकत असे. इथे वेस जमिनीवर नाही, खेळाडूच्या मागच्या वर्तनाच्या नोंदीत आहे, आणि आज आपण तिच्या कोणत्या बाजूला उतरलो आहोत हे त्याला पडद्यावर कुठेच दिसत नाही.