ऑक्सिजन 80 वर, तरी दम का लागला नाही?

2020 आणि 2021 च्या कोरोनाच्या लाटांत उपनगरांतल्या अनेक घरांत ऑक्सिमीटर आला. अंधेरीचे सेव्हन हिल्स, गोरेगावचे नेस्को केंद्र ही नावे मुलाबाळांनाही पाठ झाली. मालाडच्या मालवणीत शाहनवाज शेख यांनी 2020 साली स्वतःची गाडी विकून गरजूंना मोफत ऑक्सिजन सिलिंडर पुरवले. त्याच दिवसांत डॉक्टरांनाही चक्रावून टाकणारे रुग्ण दिसत होते. ऑक्सिमीटरवर आकडा 80 च्या आसपास, आणि रुग्ण मात्र शांतपणे मोबाइलवर बोलतोय, "मला काही झालेलं नाही" म्हणतोय. घरच्यांनाही ते खरे वाटायचे आणि मोलाचे तास निघून जायचे.

असे का व्हायचे, ते समजून घेऊ.

पहारा ऑक्सिजनवर नाही, आम्लावर

ऑक्सिजन कमी पडला की दम लागतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शरीराचा मुख्य पहारा आम्लावर असतो. शरीरात अन्नाचे ज्वलन झाले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल बनते. सोड्याच्या बाटलीतही तेच असते. मेंदूचा सर्वांत खालचा भाग, ज्याला शाळेच्या पुस्तकात मस्तिष्कपुच्छ म्हणतात, तिथल्या काही पेशी हे आम्ल सतत जोखत असतात. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 च्या दरम्यान राहावा लागतो. आम्ल जरा वाढले की श्वास वाढवण्याचा हुकूम सुटतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि आम्ल उतरते. श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती आहे, हे इंग्लंडमध्ये हॉल्डेन आणि प्रिस्टली यांनी 1905 साली दाखवून दिले.

निरोगी माणसाने बसल्या जागी अर्धा मिनिट श्वास रोखला की जीव कासावीस होतो. तेव्हा बोटावरचा आकडा मात्र फारसा हललेला नसतो. कासावीस करतो तो साठलेला कार्बन डायऑक्साइड.

ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या छोट्या गाठी मानेतल्या धमन्यांजवळ आहेत. पण ऑक्सिजन बराच उतरल्यावरच त्या जोराने इशारा देतात, आणि कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर तो इशाराही दबतो. कोरोनाच्या अनेक रुग्णांत नेमके हेच घडले. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून सहज निघून जात होता, ऑक्सिजन मात्र रक्तात पुरेसा पोहोचत नव्हता. आम्ल वाढले नाही, म्हणून धोक्याची घंटाही नीट वाजली नाही.

घरात लक्षात ठेवायचे

पहिले, छातीच्या संसर्गात "दम लागत नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. निरोगी फुप्फुसांच्या माणसाचा आकडा 94 च्या खाली टिकून राहिला तर डॉक्टरांना लगेच कळवा.

दुसरे, शुगरच्या रुग्णाचा श्वास खोल आणि जलद झाला, सोबत उलट्या, पोटदुखी, खूप तहान किंवा तोंडाला फळासारखा वास असेल, तर तो फक्त छातीचा विकार समजू नका. इन्सुलिन कमी पडल्याने रक्तात आम्ल साठते आणि ते बाहेर टाकण्यासाठी शरीर धापा टाकते. लहान मुलांत शुगरचा आजार कधी कधी असाच पहिल्यांदा उघड होतो. रमजानमध्ये रोजा ठेवायचा म्हणून इन्सुलिन मनाने बंद करणे याच कारणाने घातक ठरते. रोजा ठेवावा की नाही, डोस किती घ्यावा, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तिसरे, जुनाट दम्यासारख्या सीओपीडीच्या आजारात घरी ऑक्सिजनचे मशीन असते. दादांना बरे वाटावे म्हणून प्रेमाने त्याचा फ्लो वाढवू नका. यांतल्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते, डोके दुखते. अशा रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा 88 ते 92 एवढाच आकडा पुरेसा मानतात.

आजारी माणूस गुंगीत जात असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा वाक्य पूर्ण करता येत नसेल, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.